लाटेतला फुगा

पावणेचार वाजले की त्या खोलीत मुंगी शिरायला जागा उरायची नाही. बारा बाय दहाची खोली, त्यात तीस-पस्तीस माणसं, आणि सगळ्यांचे डोळे एकाच भिंतीवर. भिंतभर समुद्राचा वॉलपेपर होता, जाड व्हिनाइलचा. पलंगाच्या बरोबर वर त्यातली मोठी निळी लाट यायची. चार वाजता ती लाट फुगायची, झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तशी, आणि साडेपाचच्या सुमारास पुन्हा खाली बसायची.

"आली! पोर आली!" कुणीतरी ओरडायचं आणि रडारड सुरू व्हायची.

पुढे श्वासबाबा डोळे मिटून उभे असायचे. हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलं होतं. "शरीर जातं, शेवटचा श्वास घर सोडत नाही! वायुतत्त्व आहे ते! ये बाळा, वर ये!" खिडक्या बंद, पडदा मात्र उघडा, अशी त्यांची शिस्त होती. सकाळी दहाला त्यांनी श्वासाला कधी बोलावलं नाही. सकाळी बहुधा त्याला सुटी असावी.

दाराशी मामा उभा होता. वॉलपेपर लावण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती आणि हा समुद्रही त्यानंच लावला होता. थोरल्या भाचीला लहानपणापासून दमा. "मामा, समोर समुद्र असला ना, की मला धाप लागणार नाही," असं म्हणून तिनंच हे चित्र निवडलं. रोल आले आणि त्याच आठवड्यात ती गेली. चौथ्या दिवशी मामानं एकट्यानं, डोळे पुसत पुसत, तो समुद्र भिंतीवर चढवला.

आठवड्याभरानं लाट पहिल्यांदा फुगली, त्याच दिवशी मामा काय ते समजून चुकला होता. पण त्या संध्याकाळी ताई, त्याची थोरली बहीण, दोन घास जेवली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. त्या दोन घासांसाठी त्यानं तोंडाला कुलूप लावलं. शिवाय चूक त्याची स्वतःची होती, ती कुठल्या तोंडानं सांगणार? मग गूळ तिथं मुंगळे, तसे बाबा येऊन चिकटले.

आज त्याला लाटेखालच्या स्टुलावर धाकट्या भाचीचा पंप दिसला. नऊ वर्षांची पोर, तिलाही दमाच.

"ताई, पंप इथं का?"

"बाबा म्हणाले, थोरलीचा श्वास धाकटीला पुरेल. औषध घेतलं तर थोरली रुसेल." ताई भिंतीकडे बघतच बोलत होती.

मामा गर्दीतून स्टुलाकडे सरकू लागला. तेवढ्यात धुपाच्या धुरात धाकटी खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. छातीतून शिट्टी वाजायला लागली.

"कुणी हात लावू नका! थोरली तिच्यात येतेय!" बाबा गरजले.

मामानं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, पंप उचलला आणि पोरीच्या तोंडाला लावला. "ओढ आत. थांब. आता सोड. पुन्हा ओढ." कुणीतरी खिडक्या उघडल्या, धूप बाहेर नेला. बऱ्याच वेळानं तिच्या निळसर ओठांवर रंग परतला.

"श्वासाचा अपमान झालाय," बाबा म्हणाले. "आता ती लाट वर टिकणार नाही!"

"कशी टिकेल?" मामानं पडदा ओढला. सगळे लाटेकडे बघत राहिले. पाच-सात मिनिटांत लाट खाली बसली.

"बघा! गेली!"

मामानं कपाटातून थोरलीचा केस वाळवायचा ड्रायर काढला आणि गरम हवा लाटेवर सोडली. लाट फुगली. ड्रायर बंद करून तो थांबला, लाट बसली. पुन्हा लावला, पुन्हा फुगली.

"आता मी बोलावलं, बाबा. मलाही सिद्धी मिळाली का?"

मामानं ड्रायर खाली ठेवला आणि तो लोकांकडे वळला.

"जाड व्हिनाइलला पेस्ट लावली की पट्टा दुमडून दहा मिनिटं ठेवायचा असतो. ओला होऊन तो पसरतो, मग भिंतीवर चढवायचा. मी थांबलो नाही. हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती मला. पट्टा भिंतीवर गेल्यावर पसरला, मागं हवा अडकली. दुपारचं ऊन नेमकं तिथंच पडतं. हवा तापली की फुगते, निवली की बसते. चमत्कार दिसला ना, की एवढंच विचारत जा: सकाळी दहाला का होत नाही?"

बाबांनी पिशवी काखोटीला मारली. माणसं एकमेकांकडे न बघता चपला शोधत निघून गेली.

"तुला माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू जेवलीस ना, ताई."

तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या आणि तिथंच डोकं टेकून ती रडली. मामाही रडला. पोर वाचली हे नशीब, नाहीतर ते दोन घास त्याला जन्मभर पचले नसते.

मग त्यानं कटर आणि पेस्ट भरलेली सिरिंज काढली.

"आत्ताच?" ताई म्हणाली. "कोपऱ्यात अजून एक बारका फुगा आहे, तो तरी राहू दे."

"नको. एक राहिला की पंप पुन्हा स्टुलावर जाईल."

ताई पलंगावर चढली आणि लाटेशी गाल नेऊन थांबली. मामानं बारीकशी चीर दिली. आतली हवा तिच्या गालावर आली.

"नुसता पेस्टचा वास येतोय रे," ती म्हणाली.

"हो, ताई."

त्यानं सिरिंजनं आत पेस्ट सोडली आणि ओला स्पंज तिच्या हातात दिला. कडेकडून चिरेकडे, हलक्या हातानं दाबायचं, असं त्यानं सांगितलं. ती दाबत गेली. लाट भिंतीला सपाट चिकटली. कोपऱ्यातला बारका फुगाही तिनंच दाबला.

"श्वास भिंतीत नसतो, ताई. जिचा चालू आहे, तिचा जपू या."

धाकटी खाली पलंगावर झोपली होती. ताईनं पंप तिच्या उशाशी ठेवला आणि हात तिच्या छातीवर. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. कुणीही न बोलावता.