रागातली मूठ

कसबा पेठेतल्या रंगरावाने चाकूला बसवलेली मूठ जवळ बाळगली, की ती आहे हेच विसरायला होतं. हिंजवडीच्या एका साहेबाने त्याच्याकडून घडीचा चाकू करून नेला. मूठ खिशात इतकी अलगद बसली, की चाकू हरवला म्हणून त्याने कंपनीची बस थांबवून सगळ्यांचे खिसे तपासले. चाकू त्याच्याच खिशात. मी त्या बसमध्ये नव्हतो, पण ज्याने सांगितलं तो माझ्याइतकाच सच्चा माणूस आहे.

तर अशा रंगरावाच्या घरातच मूठ बसेना.

त्याची बायको, सुशीलावहिनी, मंडईत पेरू विकतात. फोड चाखवल्याशिवाय पेरू द्यायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून चाकू दिवसभर कमरेला खोचलेला. यंदा बोटांचे सांधे धरले. चाकू हातातून निसटायचा, कमरेला टोचायचा. फोड मिळेना, तसं गिऱ्हाईक शेजारच्या सुंदराबाईंकडे वळलं.

"संक्रांत झाली की गाळा सुंदराबाईला देऊन टाकते," वहिनी म्हणाल्या. त्या रात्री रंगराव जेवला नाही.

त्याची रीत अशी, की माणसाच्या मुठीत कणकेचा गोळा द्यायचा आणि त्या ठशावरून लाकूड तासायचं. सकाळी त्याने गोळा पुढे केला.

"अगं, जरा दाब."

"जन्मभर गावाच्या मुठी केल्यात, आज घरची आठवली होय? आणि कणीक कुणाला विचारून घेतलीत?" असं म्हणत वहिनींनी गोळा दाबला.

शिसवी मूठ झाली. मंडईत कुणी भावावरून हुज्जत घातली, की ती हातात अशी बसायची, की पातळ फोडीतून पलीकडची सुंदराबाई दिसावी. पण कुणी गोड बोललं की चाकू निसटलाच. मग काय, वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी झापायच्या, मग फोड द्यायच्या. दुसऱ्या गावात धंदा बसला असता. इथे रांग लागली.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा घसा बसला. "काढून घ्या ही मूठ," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "इतकं रागवायला आता मला जमत नाही."

तेव्हा रंगरावाच्या डोक्यात उजेड पडला. ठसा रागातला होता. आता खुशीतला हवा. त्याने गजरा आणला. वहिनी म्हणाल्या, "लग्न कुणाचं आहे?" आणि गोळा संशयाने दाबला. तो ठसा फुकट गेला.

शेवटी तो कणीक घेऊन गाळ्यावरच जाऊन बसला. वहिनींची सुजलेली बोटं त्याने गोळ्यासकट आपल्या हातात धरली.

"फार दुखतं का गं?"

"अहो, मंडई आहे ही. लोक बघतात."

"बघू देत."

वहिनींनी हात काढून घेतला नाही. मी समोरच होतो. मी पेरूंकडे बघत राहिलो.

नव्या मुठीवर वहिनींच्या बोटांच्या खाचा आहेत आणि पाठीवर एक रुंद खाच, रंगरावाच्या अंगठ्याची. चाकू निसटत नाही, टोचत नाही. संक्रांत होऊन गेली, गाळा वहिनींचाच आहे.

परवा मी म्हटलं, "वहिनी, ती मागची खाच उगीच आहे. रंगरावाला सांगून बुजवून घ्या."

त्यांनी चाकू मिटून कमरेला खोचला. "पेरू घेणार आहात, की नुसतेच उभे राहणार?"