टॉवेलखालचा सौदा

"आवाज ऐका, वैनी! वाघ हाय, वाघ!" बोटीतून भैरवनाथ ओरडला, आणि शेजारी बसलेल्या सावळेरामाने इंजिन आणखी वाढवलं.

"उसात बिबटे काय कमी हायती, म्हनून आता पाण्यात वाघ पाळायचाय?" काठावरून नंदा म्हणाली. त्या गोंगाटात तिचं कुठलं ऐकू जायला! निळसर धूर मात्र नेमका तिच्या तोंडावर आला. खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

येडगाव धरणाच्या फुगवट्यावर सकाळीच दोन जुन्या जेट बोटी आल्या होत्या. एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक. विकणारा सावळेराम त्या कोकणातून टेंपोवर लादून घेऊन आला होता. सुट्टीला येणाऱ्या पर्यटकांना फेरी मारून आणायची, म्हणून नंदाच्या घराला त्यातली एक घ्यायची होती. चालवणार अर्थातच नंदा. लग्न होऊन आल्यापासून माणसं, कांद्याच्या गोण्या, नवऱ्यामुली, सगळं होडी वल्हवून पैलतीरी नेणारी तीच. नवऱ्याला, ज्योतिबाला, बोटीत बसलं की मळमळायचं, आणि धाकट्या दिराचा, भैरवनाथाचा, पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. बोटीसाठी नंदाने माहेरहून मिळालेल्या मेंढ्या विकल्या, तेव्हा भैरवनाथाने शब्द दिला होता, "वैनी, चालवायची तुमाला, तवा पसंत बी तुमीच करायची."

नंदाने दोन्ही बोटी स्वतः फिरवून पाहिल्या. टू-स्ट्रोक हलकी, चटकन उसळणारी, किमतीलाही कमी. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळायची तिची रीत. जळेल तेवढं जळायचं, उरलेलं धुराबरोबर पाण्यात. ती वळली तिथे रंगीत तवंग पसरला आणि हळूहळू पाणवठ्याकडे सरकला. फोर-स्ट्रोक जड, वेग घ्यायला सावकाश, पण तिचं ऑइल इंजिनातच राहायचं. पेट्रोल कमी प्यायची, आणि मागे बसलेल्या माणसाशी बोलताही यायचं.

"ही घेऊ," ती म्हणाली होती. "दिसभर धूर मी खायचा, आन पाणी तर समद्यांनीच प्यायचंय."

"बघू की," भैरवनाथ म्हणाला. 'बघू की' म्हणजे 'नाही', हे सासुरवाशिणीला कोणी शिकवावं लागत नाही.

बैल घ्यायचा असो की बोट, या घरचा मध्यस्थ एकच, बेल्ह्याच्या बाजारातला म्हातारा सोपान दलाल. त्याने दोन्ही बोटींभोवती फेरी मारली, थापटून पाहिलं. शेपूट असतं तर तेही उचललं असतं. मग खांद्यावरचा टॉवेल पसरून त्याने त्याखाली सावळेरामाचा हात धरला. बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. एकदा घट्ट पकड बसली की सौदा झाला. टॉवेलखालचा शब्द मोडणाऱ्याने बाजारात तोंड दाखवायचं नाही, हे सोपानच सगळ्यांना सांगत आला होता.

आता त्याने भैरवनाथाचा हात धरला.

"कंच्या बोटीचा भाव चाललाय?" नंदाने विचारलं.

"वाघाचा," तिच्याकडे न बघताच भैरवनाथ म्हणाला.

"आन मला शब्द काय दिला व्हता?"

"वैनी, टू-स्ट्रोक गावातला मिस्तरी बी खोलतो. ती दुसरी बिघाडली तर पुण्याला न्या. आन पावण्यांना आवाजच लागतो. तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

मिस्त्रीचं खरं होतं. सकाळी हेच समोर बसून सांगितलं असतं तर नंदाने ऐकलं असतं, वाद घातला असता. पण कळायचं नाही? रोज या पाण्यात हात घालणारीला? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ज्योतिबाकडे पाहिलं. ज्योतिबा चपलेने माती उकरत होता.

नंदा तरातरा पुढे गेली. भैरवनाथाला कोपराने बाजूला सारून तिने टॉवेलखाली हात घातला.

"अगं ए!" ज्योतिबाला वाचा फुटली. फुटली तीही यासाठी!

सोपान दचकला. पण म्हाताऱ्याच्या बोटांना जन्माची सवय, ती आपसूक बोलू लागली. नंदाच्या बापाने बेल्ह्याला मेंढरं विकता विकता ही बोटांची भाषा लेकीच्या तळव्यावर शिकवली होती.

"मोठ्या बोटीचा भाव," ती म्हणाली.

सोपानने बोटं दाबली, तिने कमी दाबली. तो सावळेरामाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. फोर-स्ट्रोकचा भाव उतरत उतरत टू-स्ट्रोकच्या जवळ आला, आणि सोपानच्या हाताची पकड घट्ट बसली.

"झाला सौदा?"

"झाला," म्हातारा बोलून गेला.

"कसला झाला?" भैरवनाथ भडकला. "बाईमाणसाचा सौदा असतो व्हय? सोपाननाना, बाजारात सांगू का, तुमी बायांचे हात धरता म्हनून?"

सोपानने टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला. "म्या कुठं सौदा केला? लेकीसारखी हाय, गंमत केली." मग उघड्यावरच भैरवनाथाचा हात धरून त्याने टू-स्ट्रोकचा व्यवहार पुरा केला. ज्याच्या शब्दावर अख्खा बाजार चालतो, तो माणूस एका दमात फिरला. बाईला दिलेला शब्द तो शब्दांत धरतच नव्हता.

नारळ फुटला. सावळेरामाने फोर-स्ट्रोक परत टेंपोवर चढवली.

"चला वैनी," भैरवनाथ आता गोड झाला होता. "पयली फेरी तुमची."

"सौदा तुमी केलाय. चालवा बी तुमीच."

"आता हे काय? मग चालवनार कोन?"

"ते टॉवेलखाली इचारायचं व्हतं."

ज्योतिबा जवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "नंदे, लोक बघत्यात."

"बघू द्या. तुमी बी इतका वेळ बघतच व्हता."

ती काठावरच्या दगडावर जाऊन बसली. मागे कोणीतरी इंजिन चालू केलं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. लोक तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच पाण्याकडे पाठ करून बसली होती.