पाइपातले ठोके

वाहित गेला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याची बायको शेहरिबान दुपारी चहाचे दोन ग्लास मांडायची. तो गरम पाण्याच्या विहिरीवर कामाला होता, ती त्याच पाण्याच्या उबेवर चालणाऱ्या टोमॅटोच्या काचघरात. वाफेच्या घोंघाटात हाक कुणाला ऐकू जाणार? म्हणून जेवायला निघताना तो पान्याने पाइपावर दोन ठोके द्यायचा आणि इकडे ती चहा ठेवायची. मग एकदा झडप फिरवायला तो विहिरीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात उतरला, आणि तिथे साचलेल्या विषारी वायूने त्याला गाठलं.

या हिवाळ्यात विहिरीत क्षार न धरण्याचं औषध सोडणारा पंप बिघडला आणि पाइपात पांढरा क्षार धरू लागला. त्याच्या खपल्या सुटून पाण्याबरोबर यायच्या, आदळायच्या. ठक, ठक. शेहरिबान जागच्या जागी खिळली. पंप दुरुस्त झाला, आवाज थांबला, आणि तिला घास गोड लागेना. शेवटी कुणाला न सांगता तिने पंप बंद करून टाकला, आणि ठोके परत आले. खुळी म्हणा हवं तर.

पाइप आतून आवळत गेला. काचघर गारठलं, टोमॅटोची पानं काळवंडली.

"वहिनी, विहीर म्हातारी झाली की माझ्यावर रुसली?" वाहितच्या जागी आलेला धाकटा दीर रिफात म्हणाला. "झडप बघून येतो."

"दोर बांधा, भावजी."

"बांधतो हो. तुमच्या चहासाठी तरी परत यायला हवं!"

पंपाचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती चहा ठेवायला वळली.

थोड्याच वेळात दोन ठोके आले. ती हसून चहा ओतू लागली. पण ठोके थांबेनात. जोरजोरात, चिडून कुणी पाइप बडवावा तसे येतच राहिले. तिच्या हातून किटली सुटली. काचघरातल्या बायकांना हाका मारत ती विहिरीकडे धावली. रिफात खड्ड्यात निपचित पडला होता. सगळ्याजणींनी मिळून त्याला दोराने वर ओढलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"बरं झालं ठोके दिलेत, भावजी," ती रडत म्हणाली.

"कसले ठोके? उतरलो तोच डोळ्यांपुढे अंधार आला. पाना तर वरच राहिलाय."

शेहरिबानच्या अंगावर सर्रकन काटा आला. "पंप मी बंद केला होता," ती म्हणाली, आणि त्याचं उत्तर न ऐकता पंपघरात गेली. आपण नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरतोय, हे तिला कळत होतं.

"अहो, थकला असाल," पाइपावर हात ठेवून ती म्हणाली. "झोपा आता."

आणि तिने बटण दाबलं.