त्या दुपारी बर्फ शाबूत होता

मी एक पेटी आहे. जळगावात डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या माळ्यावर, मोडक्या स्टुलाशेजारी मला ठेवलं आहे. माझ्यातून डोळे नेत असत. मेलेल्या माणसांचे डोळे, जिवंत माणसांसाठी. हे ऐकून काही जण जरा मागे सरकतात. मला त्याची सवय आहे.

मला डॉक्टर पारस यांनी बनवलं. त्यांच्या घरचं दाणा बाजारात धान्याचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. मोठे भाऊ ज्ञानचंद दुकानाच्या गादीवर बसले, धाकट्या पारसनं मात्र डॉक्टर व्हायचं ठरवलं. ते धुळ्याला शिकले, पुढे डोळ्यांचं शिक्षण घेतलं आणि दुसरीकडे कुठे न जाता परत जळगावला आले.

इथे त्यांच्याकडे येणारे बरेचसे शेतातले लोक. कापसाची वेचणी करताना पऱ्हाटीची काडी डोळ्यात जाते, मळणीचं कुसळ जातं, चुना उडतो. डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा दुखावतो आणि तिथे पांढरा डाग राहतो. आमच्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. डाग जुना झाला की औषधाचा उपयोग नसतो. दुसऱ्या कुणाचा तरी पडदा बसवावा लागतो, आणि तो मेलेल्या माणसाकडूनच मिळतो.

डॉक्टरांना हातानं काहीतरी करत बसायची खोड होती. पाठीला पोक आलेल्या म्हाताऱ्यांना तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवता येत नसे, म्हणून त्यांनी तिरका सरकणारा लाकडी टेकू केला. शिबिरात वीज गेली तरी अडू नये म्हणून सायकलच्या डायनामोवर दिवा लावला. ज्ञानचंद म्हणत, "सुतारच व्हायचं होतं तर इतकी वर्षं शिकलास कशाला?" डॉक्टर हसत आणि रंधा मारत राहत.

माझा जन्म मात्र एका वाया गेलेल्या दानातून झाला. नेत्रपेढी धुळ्याला, आणि आमच्याकडचा उन्हाळा काय सांगावा. एकदा थर्मोकोलच्या डब्यातून डोळे नेत असताना पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली. धुळ्याला पोचेपर्यंत बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. ज्या घरानं ते डोळे दिले होते, त्या घरी डॉक्टर स्वतः जाऊन माफी मागून आले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या मागे लागले.

आधी भुसा भरून पाहिला, तो ओला होऊन कुजला. कापूस भरला, तो दबून बसला. शेवटी केळीच्या खांबाची वाळवलेली सोपटं दाबून माझ्या दोन भिंतींमध्ये भरली. आत ॲल्युमिनियमचं भांडं बसवलं. बाहेरून जाड खादीचं कापड चढवलं. ते ओलं करायचं आणि मला वाऱ्यावर ठेवायचं. बाहेर जितकी झळ जास्त, तितकी मी आतून गार.

भर मे महिन्यात मला गच्चीवर ठेवून पारा मोजला जाई. तो वाचायचं काम रिद्धीचं. रिद्धी म्हणजे डॉक्टरांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिच्या हृदयाची झडप कमजोर होती. तिला पळू देत नसत, म्हणून ती बसल्याजागी बोलून सगळी कसर भरून काढी. "पप्पा, ह्यात डोळे ठेवा नाहीतर कुल्फी, दोन्ही टिकेल," ती गच्चीवरून ओरडे. "दवाखाना नाही चालला तर बाजारात घंटी वाजवत फिरू." खालून तिची आई राजकुंवर तिला ऊन लागेल म्हणून रागावे.

पुढे धुळ्याच्या एका परिषदेत डॉक्टरांनी माझ्यावर निबंध वाचला. दवाखान्याचं सामान बनवणारा एक कारखानदार माझे नमुने मागायला लागला. मी मोठी होणार होते.

पण माझं काम नुसतं गार राहण्याचं नव्हतं. माणूस गेल्यावर काही तासांच्या आत मी त्याच्या घरी पोचत असे. त्या तासांत घरं कशी असतात ते मी पाहिलं आहे. कुणी चुलीवरचं दूध उतरवायला विसरतं. कुणी गेलेल्या माणसाची चप्पल उचलून आत ठेवतं.

अशा घरी डोळे मागण्याची डॉक्टरांची एक रीत होती. बहुतेक ठिकाणी निर्णय पुरुष ओसरीत बसून घेत. डॉक्टर त्यांचं ऐकून घेत, पण तेवढ्यावर सही घेत नसत. चप्पल बाहेर काढून ते आत जात, आणि सगळ्यात जवळच्या बाईसमोर जमिनीवर बसत. आधी विचारत, माणूस कसा होता. ती सांगे ते सगळं ऐकून घेत. मग हात जोडून मागत. ती नाही म्हणाली तर पुन्हा एक शब्दही न बोलता उठत. गाडीत मला हातात धरून बसलेला त्यांचा सहायक तोताराम कधी चिडे. डॉक्टर म्हणत, नाही म्हणता येत नसेल तर ते दान कसलं?

पाचोऱ्याकडच्या एका गावात कौतिकआबांची बायको गेली, तेव्हा तिच्या सर्वांत जवळचं माणूस म्हणजे आबाच. डॉक्टर त्यांच्यासमोर बसले. आबा म्हणाले, "लई जा, डाक्टरभाऊ. जित्ती व्हती तवय फक्त मन्याच चुका देखे. आते दुसरानं काही चांगलं देखू दे तिले." जमलेल्या बायका रडता रडता हसल्या. ते डोळे मी अगदी व्यवस्थित धुळ्याला पोचवले.

रिद्धी गेली ती मे महिन्यातल्याच एका सकाळी. पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी तिला उचलून पलंगावर ठेवलं, आणि तिचा हात हातात धरून ते भिंतीकडे बघत बसले.

घर माणसांनी भरलं. डोळ्यांच्या डॉक्टरचं घर. इथे विचारायचं ते काय, असंच सगळ्यांनी धरलं. ज्ञानचंदांनी धुळ्याला फोन करायला सांगितला. तोतारामनं रडत रडत माझ्यात बर्फ भरला, कापड ओलं केलं. तिकडून निरोप आला की पिंपळनेरची एक तरुण बाई भरती आहे, दोन्ही डोळ्यांत फूल, कडेवर तान्हं मूल, आज डोळे आले तर उद्याच शस्त्रक्रिया करतील. दुपारी तोताराम मला घेऊन खोलीत आला, बरोबर डोळे काढणारे डॉक्टरही होते.

राजकुंवरनं मुलीच्या मिटलेल्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला.

या घराच्या रिवाजाप्रमाणे ती जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बाजूला उभी राहत असे. त्या दिवशी पदर खांद्यावर आला होता, आणि ज्ञानचंद समोरच उभे होते.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.

ज्ञानचंद पुटपुटले, बहू, हे तर आपल्याच घरचं काम आहे. ती त्यांच्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सगळ्यांच्या घरी जाऊन मागता. मलाही मागा. मी काय तुमच्या घरची आहे म्हणून फुकट का?"

डॉक्टर उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी तिथेच होते, तोतारामच्या हातात. रीतीप्रमाणे त्यांना आधी विचारायचं होतं, माणूस कसा होता. त्यांचे ओठ हलले, पण ते वाक्य काही निघेना. तेव्हा तिनंच सांगायला सुरुवात केली. आंब्याच्या रसात तूप घालू देत नाही. माझी साडी मला न विचारता नेसते. आरशात बघून एक भुवई वर करते, तुमच्यासारखी. सगळं वर्तमानकाळात सांगत होती. डॉक्टर ऐकत राहिले. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि मागितले.

"नाही," राजकुंवर म्हणाली. "आज सकाळीच तिनं माझ्याकडे बघितलं. आज नाही देणार."

ज्ञानचंद काही बोलणार होते. डॉक्टरांनी बसल्याबसल्याच त्यांना हातानं थांबवलं. मग उठून तोतारामला म्हणाले, पेटी खाली ने.

रिद्धी डोळ्यांसकट गेली. मी रिकामी खाली आले. गावात बोलणं झालं, लोकांना उपदेश आणि स्वतःच्या घरी कोरडं. पुढेही डॉक्टर लोकांच्या घरी जात राहिले, रीत मोडली नाही. फक्त माणूस कसा होता हे विचारायचं झालं की जरा थांबत.

पावसाळा सरला असेल. भेटायला आलेल्या कुणा नातेवाईक बाईनं बोलता बोलता पिंपळनेरच्या त्या बाईची गोष्ट राजकुंवरला सांगून टाकली. त्या संध्याकाळी राजकुंवर वरच्या घरातून खाली दवाखान्यात उतरली. मी टेबलावर होते, तोताराम माझं भांडं पुसत होता.

"धुळ्याला कुणी वाट पाहत होतं, हे खरं?" तिनं डॉक्टरांना विचारलं. "तान्ह्या मुलाची आई?"

डॉक्टर हो म्हणाले.

"म्हणजे तिनं आपलं मूल अजून बघितलं नाही. माझ्यामुळे." ती खुर्चीवर बसली. "मी हो म्हटलं असतं तर तिला दिसलं असतं ना?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"नसतं दिसलं," ते म्हणाले. "तू हो म्हणाली असतीस तरी काही झालं नसतं. त्या दिवशी पेटी तापली होती. बर्फ टिकलाच नाही. धुळ्याला पोचेपर्यंत सगळं वाया गेलं असतं. पेटीतच दोष आहे, मला उशिरा कळलं."

राजकुंवर तोतारामकडे वळली. "खरं, तोताराम?"

तोतारामनं त्या दुपारी मला खाली आणून माझं झाकण उघडलं होतं. आतला बर्फ त्यानं स्वतःच्या हातानं मोरीत ओतला होता. अख्खे खडे होते, कडासुद्धा गळल्या नव्हत्या.

"हो भाभी," तो म्हणाला. "नुसतं पाणीच झालं होतं."

ती खुर्चीवरून उठली. मग "अच्छा" म्हणाली आणि वर गेली. त्या रात्री ती जेवली, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं.

खोटं एकदा बोललं की ते पाळावं लागतं. डॉक्टरांनी मला वापरणं बंद केलं. कारखानदाराचा माणूस आला तेव्हा राजकुंवर चहा घेऊन आली होती. तिच्यादेखत त्यांनी सांगितलं, ही पेटी भरवशाची नाही, विषय सोडून द्या. तो माणूस चकित झाला. त्यानं मला गच्चीच्या उन्हात पाहिलं होतं.

पण जे लोकांच्या उपयोगाचं आहे ते दडवून ठेवणारे डॉक्टर नव्हेत. धुळ्याला हितेंद्र नावाचे एक तरुण प्राध्यापक होते. त्यांना डॉक्टरांनी माझे सगळे आराखडे दिले आणि सांगितलं, तुमच्या नावानं करा, माझं नाव कुठे नको. हितेंद्रनी आधी साफ नकार दिला. मग कारण ऐकलं, आणि कागद घेतले.

आता माझ्यासारख्या पेट्या पुष्कळ ठिकाणी जातात. वरून हिरवं प्लास्टिक, छान कडी, आत केळीची तीच सोपटं. आमच्या दवाखान्यातही एक आली. राजकुंवरनं ती उचलून पाहिली, झाकण लावून पाहिलं.

"ही चांगली केली आहे कुणीतरी," ती नवऱ्याला म्हणाली. "अशी पेटी तेव्हा आपल्याकडे असती तर..." डॉक्टरांनी पेटी तिच्या हातातून हळूच घेतली आणि जागेवर ठेवली.

पिंपळनेरच्या त्या बाईला पुढे डोळे मिळाले की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा धुळ्याला गेले नाही. तिचं मूल आता चालत असेल, बोलत असेल. तिची आठवण झाली की मला माळ्यावर जड वाटतं. त्या दुपारी मी तिच्यासाठी तयार होते. हे मी राजकुंवरला दोष द्यायला सांगत नाही. तिनं त्या दिवशी आपल्या लेकीचे डोळे हातानं झाकले, तो हात मी पाहिला आहे. कोणती पेटी त्या हाताला नावं ठेवील?

डॉक्टर कधीतरी माळ्यावर काही शोधायला येतात आणि माझ्या कापडावरची धूळ हातानं झटकतात. फार वेळ थांबत नाहीत.

तुम्ही कधी त्या दवाखान्यात आलात, तर माझं एक ऐका. परिषदेतला निबंध तुम्ही वाचला असेल, माझं नाव ऐकलं असेल. राजकुंवरसमोर ते काढू नका. तिनं विचारलंच, तर सांगा की ती जुनी पेटी कामाची नव्हती. मी वर ऐकत असेन. मला वाईट वाटणार नाही.