दुसऱ्या बक्षिसाचा माणूस

ऑफिसच्या तळमजल्यावर लिफ्टसमोर कलाप्रदर्शन भरणार म्हणून स्वागतकक्षातल्या ताईंचं काउंटर चार हात मागे सरकवण्यात आलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. ताईंनी कलेच्या नावानं बोटं मोडली आणि आपली खुर्ची ओढत मागे नेली.

सगळी कामं बक्षीस मिळालेली. पहिलं बक्षीस उलट्या टांगलेल्या गंजक्या सायकलीला होतं. तिसरं एका नुसत्याच निळ्या फळीला. आणि दुसऱ्या बक्षिसाचं चित्र लागलं ते नेमकं ताईंच्या डोळ्यांसमोर. कामगारांनी त्यावरचा पुठ्ठा काढला आणि ताईंच्या हातातला फोन हातातच राहिला.

चित्रात दवाखान्याच्या बाकावर एक माणूस झोपला होता. झोपला म्हणजे अगदी ढाराढूर. तोंड उघडं, मान खांद्यावर कलंडलेली आणि पोटावर दोन्ही हातांनी धरलेली बायकी पर्स. पर्सचा बंद तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली.

पर्स ताईंची होती. माणूसही ताईंचाच होता.

गेल्या वर्षी ताईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं, ते चार तास चाललं. हे चार तास आपण कसे काढले ते ताईंच्या नवऱ्यानं, म्हणजे पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या त्या भल्या गृहस्थानं, बहिणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. "पापणी लवली असेल तर शपथ!" हे वाक्य आलं की नणंदबाई न चुकता पदर डोळ्यांना लावायच्या. त्या चार तासांपायी ताईंनी वर्षभर त्याला काय काय माफ केलं होतं! पलंगावरचे ओले टॉवेल, जेवणाच्या टेबलावर खोलून ठेवलेली मोटर, एकदा तर त्यानं विसरलेला ताईंचा वाढदिवससुद्धा.

चित्राखाली पाटी होती: 'आधुनिक माणसाच्या एकटेपणाचा मूक आक्रोश.'

"मूक कुठला, घोरतोय चांगला," ताई पुटपुटल्या. मग त्यांनी लिफ्टजवळची मोठी कुंडी ढकलत ढकलत आणली आणि आक्रोशाच्या तोंडासमोर ठेवली.

संध्याकाळी उद्घाटन होतं. ताई घाईत छत्री घरी विसरल्या होत्या, ती द्यायला नवरा आला आणि आल्या आल्या कुंडीमागे डोकावला.

"अगं, हे बघ काय काढलंय! कोण हा गबाळा? बायको आत टेबलावर आणि हा खुशाल ताणून देतोय. कसली कसली माणसं असतात एकेक."

"बायको आत आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"पर्स आहे ना त्याच्या..." तो थांबला. चित्राच्या आणखी जवळ गेला.

"अशा पर्सा बाजारात ढिगानं मिळतात," शेवटी तो म्हणाला.

"सेफ्टी पिनेसकट?"

तो काही बोलणार तेवढ्यात एक तरुण बाई तरातरा आली, "कुणी ठेवली ही इथे?" म्हणत कुंडी बाजूला केली, वळली आणि किंचाळलीच. "काका! तुम्ही!"

ही चित्रकार. ताईंच्या ऑपरेशनच्या दिवशी तीही आईला घेऊन दवाखान्यात बसली होती. आता तिने ताईंच्या नवऱ्याचा हात धरला आणि जमलेल्या सगळ्यांना सांगायला लागली, "या काकांनी साडेतीन तास आख्खा मजला डोक्यावर घेतला होता. दर दहा मिनिटांनी नर्सला विचारायचे. शेवटी ती दार आतून लावून बसली. मग माझ्या आईनेच यांना दटावून खाली बसवलं, तर बसल्या बसल्या गाढ झोपले. मला जेमतेम वीस मिनिटं मिळाली रेखाटायला. दचकून उठले आणि माझ्यावरच खेकसले, 'बाहेर आणलं का तिला?'"

नवरा जमिनीकडे बघत होता. ताईंना हसू येत होतं.

"वीस मिनिटं तर झोपलो," तो हळूच म्हणाला.

"मग तसं सांगायचं होतं ना आम्हाला. वीस मिनिटांनी काय बिघडणार होतं?"

"तुझ्या नणंदेला रडू आलं नसतं."

यावर ताई खो खो हसल्या, इतक्या की फीत कापायला आलेले साहेब कात्री घेऊन वळून बघायला लागले.

चित्रकार बाईला कुणाची परवानगी न घेता चित्र काढल्याची खंत होती. "काका, भरपाई म्हणून काय करू?" तिने विचारलं. नवरा लगेच म्हणाला, "हिचं काढा."

त्या रविवारी ताई न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून, ताठ मानेनं दोन तास बसल्या. "ताई, मी इथे आहे हे जरा विसरा," चित्रकार बाईनं तीनदा विनवलं. पण ताई कुठल्या विसरतायत! चित्र थेट ओळखपत्रावरच्या फोटोसारखं झालं. बक्षीस तर सोडाच, चित्रकार बाईनं खाली सहीसुद्धा अगदी बारीक केली.

नवऱ्यानं मात्र ते त्याच संध्याकाळी दुकानात, पंपांच्या फळीवर लावलं. गिऱ्हाईक आलं की विचारतो, "हुबेहूब आहे की नाही?" गिऱ्हाइकानं ताईंना कधी पाहिलेलं नसतं, तरी बिचारं हो म्हणतं.