फळ्यावरची तिसरी बातमी

लीलाबाईंचं पत्र माझ्याकडे सात वर्षं पडून होतं. हरवलं नव्हतं; ते कुठे आहे हे मला रोज ठाऊक होतं. वाचनालयाच्या कपाटात, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात. शब्दकोश मला वरचेवर उघडावा लागतो, त्यामुळे पत्रही वरचेवर भेटायचं. निळं अंतर्देशीय, ठळक गोल अक्षर. मी ते वाचायचो, परत घडी घालायचो आणि शब्द शोधायला लागायचो. कोणता शब्द शोधत होतो ते तोवर विसरलेलं असायचं.

लीलाबाई आमच्या आंजी गावच्या. आमच्या वाचनालयाच्या पहिल्या बाई सभासद. लग्न होऊन वडनेरला गेल्या. १९७९च्या मे महिन्यात त्यांनी लिहिलं होतं: "गुरुजी, तुमच्यासारखा बातम्यांचा फळा मी इथे सुरू केला आहे. पण लोक विचारतात, छापलेलं सगळं खरंच असतं का? तुम्ही खरी बातमी कशी ओळखता ते कळवावे. उत्तराची वाट पाहते."

प्रश्न साधाच होता. पण ते पत्र आलं त्याच्या दोनच दिवस आधी मी आमच्या फळ्यावर खोटी बातमी लिहिली होती.

मी गुरुजी नावापुरता. मास्तरकी दोन वर्षं केली. माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. एकदा इन्स्पेक्टरसाहेब मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथे माझी मास्तरकी संपली. पुढे सोसायटीत कारकुनी केली आणि सकाळ-संध्याकाळ वाचनालय सांभाळलं. बोलता येत नाही ते खडूनं लिहिता येतं, हे मला तिथे कळलं. वर्ध्याहून पहिल्या एस.टी.नं पेपर यायचा. तो वाचून तीन-चार बातम्या बाहेरच्या फळ्यावर लिहायच्या. ज्यांना वाचता येई ते उभे राहून मोठ्यानं वाचत, बाकीचे ऐकत, आणि दुपारपर्यंत बातमी वावरात, विहिरीवर, चक्कीवर जाऊन पोचे. फळ्यावर स्वतःचं मत लिहायचं नाही हा माझा नियम. गुरुजी, तुम्ही कोणाचे, असं कोणी विचारलं की मी चष्मा पुसायला लागायचो.

त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. नागपूरच्या शुभ्रकिरण तेल कंपनीला सरकीच्या तेलाचा कारखाना काढायला गावाचं गायरान हवं होतं. बापूरावांचं पॅनेल म्हणे द्या, पोरांना कामं मिळतील. नत्थूजींचं पॅनेल म्हणे देऊ नका, ढोरं कुठे चारायची? मला दोघांचंही थोडं थोडं पटायचं. सकाळी बापूरावांचं, ऊन चढलं की नत्थूजींचं.

कंपनीनं वाचनालयाला भेट दिली होती: भिंतीवरचं घड्याळ, चार लोखंडी खुर्च्या आणि नवा मोठा फळा. फळ्याच्या माथ्यावर पिवळ्या रंगात कंपनीचं नाव. जुन्या फळ्यावर खडू उमटेनासा झाला होता, म्हणून मी आनंदानं घेतला. बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. मला तेव्हा ते फार सभ्यपणाचं वाटलं.

मतदान रविवारी होतं. गुरुवारी पेपर उघडला तर आत एक सुटं पान. त्याच मापाचं, तशाच अक्षरातलं. वर 'शासकीय सूचना'. मला वाटलं पुरवणी असेल. कंपनीच्या खुर्चीवर बसून वाचलं, उठलो, कंपनीच्या फळ्यावर लिहिलं:

३) गायरान कारखान्यास न दिल्यास आंजीचे हायस्कूल दुसऱ्या गावी हलविण्याचा शासनाचा निर्णय.

'निर्णय'मधला रफार मी फार सुरेख काढला होता. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

शकुबाईंच्या चक्कीवर ती बातमी दहा वाजता पोचली. शकुबाईंची मुलगी नववीत होती, त्यांच्या घराण्यातली नववीत गेलेली पहिलीच. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला शकुबाई सांगत होत्या की शाळा चालली. कोणी शंका काढली तर म्हणत, गुरुजीच्या फळ्यावर हाय, जाऊन पाय. शुक्रवारपर्यंत नत्थूजींच्या पॅनेलमधल्या माणसांच्या बायकाही बापूरावांकडे झाल्या होत्या. बापूराव वाचनालयात आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, शेवटी आमचेच निघाले तुम्ही." नत्थूजी समोरून गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी रामराम केला नाही. मला दोन्हीचा अर्थ कळला नाही. सरकारनं निर्णय घेतला, छापला, मी लिहिला. यात मी कुठे होतो?

शनिवारी दुपारच्या टपालानं लीलाबाईंचं पत्र आलं. मला अभिमान वाटला. लगेच कोरा कागद घेऊन मी लिहिलं, "सुज्ञ वाचकास खरी बातमी आपोआप ओळखू येते." एवढं लिहून पुढचं वाक्य शोधत होतो, तर दारात कवडू.

कवडू बौद्ध वस्तीतला. वर्ध्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून, शनिवारी दुपारी घरी यायचा आणि आधी वाचनालयात यायचा. आज तो आत आला नाही. शाळेची बातमी त्यानं वाटेतच ऐकली होती. फळ्यावर लिहिलेलं मी एका वहीत उतरवून ठेवायचो; ती मागून त्यानं गुरुवारचं पान पाहिलं आणि मला विचारलं, "गुरुजी, तिसरी बातमी कुठून लिवली?"

मी म्हटलं, पेपरातून. त्यानं पिशवीतल्या आठवड्याच्या पेपरांतून स्वतःचा गुरुवारचा पेपर काढला. त्यात ते पान नव्हतं. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. माझ्या पानाला क्रमांक नव्हता, तारीख नव्हती, छापखान्याचं नाव नव्हतं. शासनाची सूचना, आणि खाली सही कोणाचीच नाही.

"असा कागद निंगाला असता तं माह्या टेबलावरून गेला असता," कवडू म्हणाला. "नाई गेला."

तीस वर्षं मी वाचतो आहे. छापलेल्या अक्षराला खोटं बोलता येत असेल हे मला माहीत होतं, पण ते दुसऱ्या गावी, असं वाटायचं. ते पान घडीत कोणी घातलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मी ते खुर्चीच्या उपकारामुळे लवकर मान्य केलं का, हेही मला अजून कळलेलं नाही.

मी खडू घेतला. आजच्या बातम्या पुसून टाकल्या आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "गुरुवारची तिसरी बातमी खोटी होती. ती मी न तपासता लिहिली. चूक माझी." मग आत जाऊन बसलो. काम झालं असं वाटलं. तासाभरात चार जणांनी वाचलं. त्यातला एक म्हणाला, मंग हे खरं का ते खरं? आणि पलीकडून चक्कीवरून दोन बाया शाळा चालली असं बोलत गेल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात तानबा आला. तानबा गावचा कोतवाल. दवंडी तोच द्यायचा. त्यानं अक्षर लावून सावकाश फळा वाचला आणि म्हणाला, "गुरुजी, ते बातमी तं पायानं गेली गावात. हे काऊन भिंतीवर बसून हाय?"

मी त्याला विचारलं की आजच दवंडी देशील का. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"म्हैस हरपली तं मी देतो. टिके लावाची राहिली तं मी देतो. तुमची चूक मी काऊन देऊ? डफडं माहं, तोंड तुमचं."

मी सांगून पाहिलं की माझा आवाज पोचत नाही. तो म्हणाला, मी हाय ना, पोचवून देतो. कवडू हसत होता. त्या दोघांनी मला मधे घेतलं आणि ऊन उतरल्यावर आम्ही निघालो.

मारुतीच्या पारावर पहिली दवंडी. तानबानं डफडं वाजवलं, माणसं गोळा झाली, आणि तो माझ्याकडे पाहून थांबला. मी म्हणालो, "ग्रामस्थांना कळविण्यात येते की गुरुवारच्या फळ्यावरील तिसरी बातमी निराधार असून..." पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. तानबानं मोठ्यानं सांगून टाकलं, "गुरुजी म्हंते शाळा कुठीच नाई जात, गुरुजी चुकले!" माझ्या वाक्यात अजून बरंच होतं, पण त्यानं डफडं वाजवायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या चौकात मी 'निराधार' शब्द गाळला. तिसऱ्या चौकात 'कळविण्यात येते' गाळलं. लोक मागून यायला लागले. गुरुजी रस्त्यावर उभं राहून बोलतात हे पाहायलाच निम्मे आले असावेत. चक्कीपाशी शकुबाईंनी पट्टा उतरवला, पीठ झटकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता बोला. मले नीट ऐकू द्या."

मी सांगितलं.

"म्हंजे माही पोरगी इथंच शिकन?"

"इथंच."

"मंग तीन दिवस माहा जीव काऊन टांगला गुरुजी तुम्ही?"

"चुकलो, बाई."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "बरं. आता दळणासंगं हे बी जाईन घरोघर."

बौद्ध वस्तीत कवडूच्या आईनं, कमलाबाईंनी, ताकाचा तांब्या पुढे केला. गळा सुकला होता. उभ्या उभ्या पिऊन टाकलं. तो शेवटचा थांबा होता. तिथे दोन्ही पॅनेलची माणसं येऊन उभी होती. त्यातून कोणीतरी विचारलं की शाळेचं खोटं, मग मत कोणाला द्यायचं तेही सांगून टाका.

मी चष्म्याला हात लावला. काढला नाही.

"ते मी सांगत नाही," मी म्हणालो. "गायरान द्या, नाही तर देऊ नका. तुमचं तुम्ही ठरवा. पण शाळेच्या भेवानं नोका ठरवू."

मी तानबाकडे पाहिलं. तो डफडं काखेत घालत होता.

"सांग ना," मी म्हणालो.

"काय सांगू? सगळ्याईले आलं ना ऐकू."

परत येताना मी एकटा चालत होतो असं मला वाटत होतं, पण लोक मला थांबवून बोलत होते, आणि गंमत म्हणजे मी उत्तरं देत होतो.

रविवारी आमच्या वॉर्डात प्रत्येकाला तीन मतं द्यायची होती. मी दोन एकीकडे दिली, एक दुसरीकडे. कोणीकडे किती, ते सांगत नाही. निकाल लागला तो असाच मिसळ. कोणाचंच निखळ बहुमत नाही, म्हणून गायरानाचा प्रश्न ग्रामसभेत आला. तिथे कंपनीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बापूरावांनीच त्याला विचारलं की कामाला गावातली माणसं किती घेणार, ते लिहून द्या. नत्थूजींनी विचारलं, नदीचं पाणी किती उचलणार. शकुबाईंनी विचारलं, घाण पाणी कुठे सोडणार. तो प्रत्येक प्रश्नाला "कळवतो" म्हणाला, आणि गेला. त्यानं अजून कळवलेलं नाही. गावात यावर लोक हसतात. मला मोकळेपणानं हसता येत नाही, कारण मलाही लीलाबाईंना कळवायचंच होतं.

फळ्यावरचं पिवळं नाव कवडूनं काळ्या रंगानं झाकलं. तिरपं ऊन पडलं की ते अजून दिसतं. मी मात्र प्रत्येक बातमीखाली ती कुठून आली ते लिहायला लागलो. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' लिहितो. असं लिहिलेल्या बातमीवर पारावर सर्वांत जास्त चर्चा होते.

लीलाबाईंना काय लिहावं ते मात्र सुचेना. 'सुज्ञ वाचकास' हे वाक्य मी त्याच दिवशी फाडून टाकलं होतं. पुढे दर दिवाळीला एक मसुदा केला. एक अकरा पानांचा झाला, त्यात शासन, भांडवल आणि मुद्रणकला यांवर परिच्छेद होते. वाचून मलाच झोप आली. खरं सांगायचं तर आधी स्वतःची चूक लिहावी लागली असती, आणि वडनेरात माझी चूक कोणाला माहीत नव्हती. गावभर ओरडलो होतो, पण ते पत्र लिहिताना माझा आवाज पुन्हा तिसऱ्या बाकापाशी अडकायचा.

यंदा जुलैत एक मुलगी वाचनालयाची सभासद व्हायला आली. नलू. आमच्या शाळेत नवीन बाई म्हणून लागलेली. पत्त्यात तिनं तशाच ठळक गोल अक्षरात 'मूळ गाव वडनेर' लिहिलं तेव्हा मी लेखणी खाली ठेवली.

"लीलाबाईंची मुलगी?"

"हो. आई तुमची लय आठवण काढते, गुरुजी."

मी शब्दकोशाकडे पाहिलं नाही. फळा अजून चालतो का, एवढंच विचारलं.

"चालते ना. तुमच्याच भरवशावर."

मी म्हटलं, मी तर कधी उत्तरच दिलं नाही.

"तेच तं," नलू हसायला लागली. "कोणी बातमी आणली की आई म्हंते, खरी कशी ओळखाची ते आंजीच्या गुरुजीनं अजून कळवलं नाई. त्याईचं उत्तर येईलोक आपण चार ठिकाणी विचारूनच लिवू. सात वर्षं झाले, तसंच चालू हाय. मागच्या निवडणुकीत दोन पत्रकं आले होते गावात. आईनं एकही फळ्यावर चढू देलं नाई."

मला आधी हसू आलं, मग ते थांबेना. कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या तानबानं मान वर करून पाहिलं. वाचनालयात मी कोणाला हसू देत नाही, आणि मीच हसत होतो.

त्याच दुपारी अंतर्देशीय आणलं. नलू शनिवारी घरी जाणार होती, नेऊन देते म्हणाली. मी नको म्हटलं. टपालानं आलेल्या पत्राचं उत्तर टपालानं जावं. या वेळी मसुदा केला नाही.

"सौ. लीलाबाईंस सप्रेम नमस्कार. आपल्या १९७९च्या पत्राचे उत्तर. खरी बातमी कशी ओळखावी हे मला तेव्हा येत नव्हते, आताही खात्रीने येत नाही. तुमचे पत्र आले त्याच आठवड्यात मी आमच्या फळ्यावर एक खोटी बातमी सुबक अक्षरात लिहिली होती. ती कशी परत घेतली ते खाली सांगतो. नलूकडून कळले की तुम्ही चार ठिकाणी विचारून लिहिता. मला यापेक्षा चांगले ठाऊक नाही. तरी माझे उत्तर आले म्हणून विचारणे थांबवू नये."

मग सगळी हकीकत लिहिली: सुटं पान, रफार, डफडं, चक्की, ताक. जागा संपली तेव्हा चिकटवायच्या पट्टीवर लिहिलं. सही करून पत्र एस.टी. थांब्याजवळच्या लाल पेटीशी नेलं. तिथेही थोडा थांबलो. 'सप्रेम' बरोबर आहे का, असं वाटत होतं. शब्दकोश जवळ नव्हता. मग हात आत घालून सोडून दिलं, आणि पडल्याचा आवाज येतो का म्हणून पेटीला कान लावला. आला.