सोप्या वाटेचा कठडा

हात जरा बाजूला घ्या, मी बोलतोय. मी म्हणजे हा कठडा, बाजारापासून बोटींच्या धक्क्यापर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा. माझ्यावर कोपरं टेकून तुम्ही सूर्य बुडताना बघता आणि मग बाहीला गंज लागला म्हणून नाक मुरडता. तेव्हा ओळख असायला हरकत नाही.

मी जन्मलो तो मोडक्या बोटींच्या लोखंडातून. मला जोडणारा वेल्डर दिवसभर मालकाच्या नावाने बोटं मोडायचा. माझा स्वभाव तिथूनच आला असावा.

पुढे नगरपालिकेला लोकांच्या तब्येतीचा पुळका आला. गावात तीन ‘सोप्या पायी वाटा’ जाहीर झाल्या. एक टेकडीवरच्या बागेभोवती, एक जुन्या गल्ल्यांमधून आणि तिसरी माझी. सपाट, वाऱ्याची, कुणालाही जमेल अशी. पाहणीला साहेब आले ते गाडीतून. काच खाली करून म्हणाले, “वा, अगदी सोपी आहे हो!” बसल्या जागी सोपीच असणार. काच वर गेली आणि पाहणी संपली.

मग सुरू झाली चालणाऱ्यांची वर्दळ. चालणारे म्हणजे आपलं म्हणायचं. एक कापडदुकानदार येतो. बूट असे करकरीत की त्यांना चिखल ठाऊक नाही. दोन खांबांपर्यंत चालतो, एक पाय उचलून माझ्यावर टाकतो, कण्हतो आणि सोबत्याला म्हणतो, “चला, आजचं झालं.” बँकेतली एक बाई माझ्यावर रेलून मैत्रिणीशी गप्पा मारते आणि तेवढा वेळ एक हात झुलवत राहते, कारण हात हलला की मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. एक जोडपं भांडत येतं, फोटोपुरतं गळ्यात गळा घालून हसतं आणि मग भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू. चालायला आलेली माणसं चालणं सोडून बाकी सगळं करतात. मला सगळ्यांची किळस यायची. अजूनही येते.

अशात क्रेनवाला आला.

धक्क्यावरची मोठी क्रेन त्याने जन्मभर चालवली होती. सगळा जन्म लोकांच्या डोक्यावर बसून काढलेला, त्यामुळे खाली उतरल्यावरही तो लोकांकडे वरूनच बघायचा. हे मला आवडलं. घरात पडून त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण पाय ऐकेना. काठी दिली तर ती ओल्या पायरीवर घसरली आणि म्हातारा पुन्हा आपटला. तेव्हापासून काठी दारामागे. त्याचं घर माझ्या सुरुवातीलाच. तिथून कुंपण धरत तो माझ्यापर्यंत आला आणि दोन्ही हातांनी मला असा आवळला, की माझा रंग निघाला.

सोबत लेक होती. इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करणारी, लग्न न झालेली, एकुलती एक.

“बाबा, हात द्या ना इकडे.”

“तुझा हात धरायला मी काय रांगतं पोर आहे?”

“आणि लोखंड धरलेलं चालतं होय?”

“लोखंड कुणाला सांगत नाही, मी धरलं होतं म्हणून.”

चूक. सांगतोय ना मी आता.

तिला दूरच्या शहरात मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं. तसं ते आधीही एकदा आलं होतं आणि बापाच्या हाडापायी तिने नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा कोण विचारतंय! धक्क्यावर एक खाणावळ आहे, म्हाताऱ्याचे जुने सोबती तिथेच जेवतात. तिने बापाला सांगून टाकलं, “तुम्ही खाणावळीपर्यंत एकटे जाऊन आलात, की मी निघाले. नाही जमलं, तर मी इथेच. त्यावर वाद नको.”

त्याने वाद घातला नाही. रोज सकाळी येऊन मला धरून चालायला लागला. आज या खांबापर्यंत, दोन दिवसांनी पुढच्या. घामाघूम व्हायचा, स्वतःच्या पायाला शिव्या द्यायचा. त्या वाटेवर खरोखर चालणारा तेवढा एकच माणूस होता. लेकीला मोकळं करायचं म्हणून चालत होता आणि तिच्या तोंडावर मात्र म्हणायचा, “तुझी कटकट गेली की मी सुटलो.”

तेवढ्यात साहेबांना पुन्हा उमाळा आला. वाटेवर हवी तशी गर्दी होत नाही! म्हणून समुद्राच्या अंगाला एक ओटा बांधला आणि त्यावर फोटो काढायला भलीमोठी रंगीत चौकट उभी केली. चौकटीमागे समुद्र. ओट्यावर चढायला रुंद पायऱ्या हव्यात, म्हणून मला मधोमध कापला. विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून माझे दोन तुकडे आहेत आणि मधे ही मोठी फट. बसक्या पायऱ्या, धरायला काहीच नाही, पलीकडे भरधाव रस्ता.

क्रेनवाला त्या फटीपाशी यायचा आणि माघारी फिरायचा. एकदा त्याने हात सोडून बघितला. पाय लटपटला, कसाबसा मला येऊन बिलगला. त्यानंतर त्याने हात सोडला नाही.

त्या इस्पितळाला उत्तर द्यायची मुदत संपत आली. लेक म्हणाली, “बाबा, उद्या मला कळवायचंय.” तो रविवार होता, संध्याकाळ. “चल तर मग,” तो म्हणाला, “पण मागे राहायचं. जवळ आलीस तर बघ.” ती मागे राहिली.

फटीपाशी बघतो तर फोटोची रांग लागलेली, माझ्या एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंत. सगळे केस सारखे करताहेत, पोटं आत घेताहेत. क्रेनवाल्याने रांगेवर एक नजर टाकली, माझ्यावरचा एक हात काढला आणि शेवटच्या माणसाच्या खांद्यावर ठेवला. तो आपला कापडदुकानदार.

“ओ काका, रांग आहे, दिसत नाही का?”

“दिसतेय. म्हणून तर आलो.”

“मागे व्हा! आम्ही काय बिनकामाचे उभे आहोत?”

“उभेच राहा. हलू नका,” म्हातारा म्हणाला आणि दुसरा हात पुढच्या खांद्यावर टाकला.

झालं! म्हातारा मधे घुसतोय अशी हाकाटी झाली. तो शिरू नये म्हणून सगळे एकमेकांना चिकटले, पाय रोवून ताठ उभे राहिले. त्याला नेमकं तेच हवं होतं. बँकेतल्या बाईने अडवायला हात आडवा धरला. त्याने तो धरला आणि पाऊल टाकलं. “वयाचा मान ठेवतो म्हणून डोक्यावर बसता काय!” कुणीतरी ओरडलं. हा आपला खांद्यावरून खांद्यावर. पहिल्या नंबरच्या पोरीने दोन्ही हातांनी पायरी अडवली, तर हा तिच्याही खांद्याला धरून पुढे गेला आणि माझ्या दुसऱ्या तुकड्याला येऊन भिडला.

“अरे, फोटो न काढताच गेला? मग घुसला कशाला?” रांगेला काही केल्या उमगेना. एकाच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही, की आपण आत्ता एका माणसाला पलीकडे पोचवलं.

लेक मागे तोंडावर हात धरून रडत होती. तो खाणावळीत गेला, जेवला, तसाच शिव्या खात परत आला.

“बाबा, रोज असतात ना ही माणसं इथे?”

“असतात गं. नुसती ओसंडून वाहते वाट.”

तो धडधडीत खोटं बोलला आणि तिने ते खरं मानलं. खरं मानायचंच होतं तिला. बुधवारी ती गेली.

गुरुवारी सकाळी क्रेनवाला आला. माझ्या कापलेल्या टोकाला धरून उभा राहिला. ओट्यावर चिटपाखरू नाही. कामाच्या दिवशी फोटो काढायला कोण मरायला येतंय! त्याने बराच वेळ वाट पाहिली. ऊन चढलं. फोन वाजला.

“हो, जेवलो ना गं. खाणावळीतच. आज भाजी खारट होती. अगं, गर्दी होतीच की. तू तुझं काम कर.”

फोन खिशात टाकला आणि उपाशी घरी परतला. शुक्रवारीही तसंच झालं. आजही तो इथेच उभा आहे.

म्हणून एवढं बोललो. एरवी तुमच्या तोंडी लागलो नसतो. तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुम्ही जसे आहात तसेच या. चालू नका, वाटल्यास गाडीतून उतरून थेट चौकटीपाशी या. पण सकाळी या, कामाच्या दिवशी या आणि रांग लावा. चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक म्हातारा तुमच्या खांद्यावर हात ठेवेल. हव्या तेवढ्या शिव्या द्या त्याला. फक्त जागचे हलू नका.